अलिबागच्या वाडीत चार दिवस: आधी तिथी, मग घर

समुद्राकाठी घर घेऊन चार दिवस राहायचं ठरलं की आमच्या घरातली तरुण मंडळी मोबाइलवर घरांचे फोटो बघायला लागतात. मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघते. माझं माहेर चौलचं, सासर परळचं. सासूबाई, दीर-जाऊ, लेक-जावई आणि नातवंडं असा सगळा गोतावळा घेऊन अलिबागकडे जायचं नियोजन वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. त्या अनुभवावरून सांगते, सुट्टी चांगली होणं घरापेक्षा भरती-ओहोटीवर जास्त अवलंबून असतं. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येईल की नाही, मुलांना पाण्यात कधी सोडायचं, संध्याकाळी वाळू मोकळी मिळेल की पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असेल, हे सगळं तिथीवर ठरतं.

हिशोब सोपा आहे. माझे वडील तो बोटांवर करायचे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा धरायचे. भरतीपासून सहा तास आणि वर थोडी मिनिटं मोजली की पूर्ण ओहोटी. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असंच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रातली किंवा मोबाइलवरची अचूक वेळ बघून घ्यावी. पण दोन महिने आधी तारीख ठरवायला हा हिशोब पुरतो.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. त्यामुळे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं, आणि वर डोक्यावर ऊन. माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यांत सोयीच्या तिथी म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया आणि तृतीया. उधाणाचा जोर असल्यामुळे पाणी भरपूर मागे जातं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. ऊन चढायच्या आत किल्ला बघून होतो. पाणी वर येऊ लागतं तेव्हा मुलांना कडेला भिजवता येतं आणि पूर्ण भरती होते तेव्हा सगळे जेवून पडवीत आडवे झालेले असतात. या तिथ्या शनिवार-रविवारी येतात असे काही आठवडे दर वर्षी असतात. ते शोधा, त्यांवर खूण करा, आणि मगच घराचं बघा.

महिना कुठला, हा प्रश्नही त्यासोबतच सुटायला हवा. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. मे महिन्यात आंबे असतात, पण सासूबाईंच्या वयाच्या माणसाला तो दमटपणा सोसत नाही. पावसाळ्यात वाड्या फार सुंदर दिसतात, तरी मुंबईच्या गेटवेवरून येणाऱ्या प्रवासी बोटी बंद असतात, मुरूडचा जंजिरा किल्लाही बंद असतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. शांत बसून भजी खायची असतील तर पावसाळ्यात जा. समुद्र बघायला मात्र हिवाळाच.

घर निवडताना मी अलिबाग शहरापेक्षा आक्षी, नागाव, चौल हा पट्टा धरते. अलिबाग एसटी स्टँडपासून नागाव आठ-नऊ किलोमीटर, रेवदंडा सतरा-अठरा. मधल्या सगळ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांत कौलारू घरं भाड्यानं मिळतात. नागावचा किनारा गजबजलेला, पाण्यातले खेळ, घोडे, उंट सगळं तिथे. कॉलेजातल्या मुलांना ते आवडतं. आक्षीचा किनारा त्यामानाने शांत, सुरूचं बन, आणि थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी आक्षी किंवा चौलच्या बाजूचं घर घेईन.

फोटोत सगळी घरं छान दिसतात, म्हणून मालकांशी फोनवर बोलावंच. मी सरळ विचारते, “दादा, कमोड आहे का? आणि तो खोलीला लागून आहे की मागच्या अंगणात?” कोकणातल्या जुन्या घरांना न्हाणीघर मागे असतं आणि उंबरे-पायऱ्या उंच असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाची अख्खी सुट्टी या एका उत्तरावर अवलंबून असते. दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होऊ शकतं. आंघोळीला चालतं, डाळ मात्र त्यात नीट शिजत नाही. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळं मिळतं का, हे नक्की करा. विहिरीला कठडा किंवा जाळी आहे ना, तेही विचारा. हल्ली बऱ्याच घरांत पोहण्याचा हौद असतो. तो उघडाच असेल आणि घरात चार वर्षांचं मूल असेल, तर मी ते घर सोडते. त्यात तडजोड करू नका.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात का की फक्त दिवे, मच्छरदाण्या आहेत का, समुद्र “पाच मिनिटांवर” म्हणजे चालत की गाडीने, आणि स्वयंपाकघर वापरायला मिळेल का, एवढं विचारलं की पुरे. पोचल्यावर खुर्च्या नारळाच्या झाडाखाली मांडू नयेत. नारळ आणि सुकलेली झावळी केव्हाही पडते, वाडीतली माणसं त्याखाली कधी बसत नाहीत. रात्री अंगणात जाताना हातात विजेरी आणि पायात चप्पल हवी.

जेवणाबद्दल माझं स्पष्ट मत आहे: घर सांभाळणाऱ्या जोडप्याकडूनच जेवण करून घ्यावं. निदान दुपारचं तरी. मात्र आधी कळवायला हवं. आमच्यात कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, सासूबाईंची संकष्टी. “वहिनी, शनिवारी सहा जण मासे खातील, तिघांचा उपास” असं आदल्या दिवशी सांगितलं की त्या बाजारातून नेमकं आणतात. जिताडा मिळत असेल तर सोडू नका. पेण-अलिबागच्या खाडीतला आणि शेततळ्यांतला हा मासा या भागाची खरी शान आहे. शाकाहाऱ्यांनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मागावी. हॉटेलातल्या पनीरपेक्षा ते कितीतरी पटीनं चांगलं.

आणि हिवाळ्यात गेलात तर पोपटी. याचं वेगळं सांगते, कारण मुंबईची पुष्कळ मराठी माणसं अलिबागला जाऊन पोपटी न खाता परत येतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरतात तेव्हाच तिचा हंगाम. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्याला उग्र, ओव्यासारखा वास असतो आणि पोपटीची चव त्यातच असते. मग जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, आणि खाणारे असतील तर मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी. थर लावत जायचं, वर पुन्हा पाला दाबून तोंड गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या रचून जाळ करायचा. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारून बघतात, चर्र होऊन लगेच उडाले की झाली. घर ठरवतानाच विचारा, “पोपटी लावून द्याल का?” मडकं आणि पाला त्यांना आधी जमवावा लागतो, ऐनवेळी सांगून होत नाही. शाकाहाऱ्यांसाठी वेगळं मडकं लावायला सांगा, ते आनंदाने लावतात. आमच्या नातवंडांना अलिबाग म्हटलं की किनाऱ्याच्या आधी तो जाळ आठवतो.

जायचं कसं, ते आता. वयस्कर माणसं आणि सामान जास्त असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्या. २०२० च्या मार्चमध्ये ती सुरू झाली आणि आमच्यासारख्या कुटुंबांचा प्रवासच बदलून गेला. गाडी थेट बोटीत चढते, तासाभरात मांडवा, आणि तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ लवकर भरते, म्हणून घराच्या आधी बोटीचं आरक्षण करून टाकावं. गाडी नसेल तर गेटवेवरून मांडव्याची बोट. काही बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. फक्त गेटवेला बोटीत चढताना पायऱ्या ओल्या असतात आणि बोट हलत असते. ओहोटीला तर बरंच खाली उतरावं लागतं. सासूबाईंना मी तिथून नेत नाही. रस्त्याने जायचं तर १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून थेट पलीकडे सोडतो. पुढे पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. वडखळला सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात, म्हणून सकाळी सातच्या आत वडखळ मागे पडेल असं निघा.

पहिल्या दिवशी काही बघायला जाऊ नका. पोचा, जेवा, संध्याकाळी किनाऱ्यावर चाला. वाटेत मांडव्याहून येताना सासवण्याला थांबायला हरकत नाही. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांनी घडवलेली अंगणातली म्हैस आणि घरातली माणसं इतकी जिवंत आहेत की लहान मुलंही तिथे कंटाळत नाहीत.

दुसरा दिवस कुलाबा किल्ल्याचा. तिथी नीट निवडली असेल तर सकाळी सातला अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहायचं. नियम एकच, आणि तो कुणासाठीही मोडायचा नाही: पाणी उतरत असताना जायचं आणि पूर्ण ओहोटी झाल्यावर तासाभराच्या आत परत निघायचं. पाणी चढताना दिसत नाही, आधी बाजूचे सखल भाग भरतात आणि मग वाट. घोडागाडीवाल्यांना विचारा, “दादा, किती वाजेपर्यंत परतायचं?” ते सांगतील ती वेळ तुमच्या गणितापेक्षा आधीची असली तर त्यांचीच पाळा. चालवत नसेल त्यांनी घोडागाडीनेच जावं.

शिवाजी महाराजांनी १६८० साली, निधनाच्या थोडे दिवस आधी या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. तटाजवळ थांबून मुलांना दाखवा, मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेलं गणेश पंचायतन आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. परत आल्यावर शहरात सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या समाधीला जा. ४ जुलै १७२९ ला ते गेले. ज्यांच्यापुढे इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांचीही आरमारं हतबल झाली, त्या माणसाच्या समाधीपुढे दोन मिनिटं उभं राहायला वेळ काढावा.

शहरातच चुंबकीय वेधशाळा आहे. बाहेरून बघितली तरी मुलांना तिची गोष्ट सांगा. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली काम इकडे आणलं.

किनाऱ्यावरच्या सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलते. पाणी चढतं असताना, दिवसाउजेडी, गुडघाभर पाण्यात, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर मुलं. ओहोटी लागली की सगळे बाहेर, कारण उतरतं पाणी आत ओढतं. उधाणाच्या दिवसांत हे आणखी काटेकोर पाळा. काशीदची पांढरी वाळू फार सुंदर आहे, पण तिथल्या लाटा जोरकस आहेत; मी मुलांना तिथे वाळूत खेळवते, पाण्यात नाही. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. ओल्या वाळूत चाक रुततं आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

तिसऱ्या दिवसाचे दोन पर्याय. चालती मंडळी मुरूड-जंजिऱ्याला जाऊ शकतात. अलिबागहून सुमारे पन्नास किलोमीटर, त्यामुळे सकाळी लवकर निघा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यात नेतात. दरवाजाशी होडी हलत असताना पाय टाकावा लागतो, म्हणून तान्ही मुलं आणि गुडघ्याची दुखणी घरीच ठेवा. कलालबांगडी तोफ आणि समुद्राच्या मधोमध असलेले गोड्या पाण्याचे तलाव चुकवू नका. होडीवाले ठरावीक वेळेत परत बोलावतात, त्यामुळे आधी सगळा तट फिरा, फोटो नंतर. वाटेत फणसाड अभयारण्य आहे, जंजिऱ्याच्या नवाबांचं हे एकेकाळचं शिकारीचं रान. शेकरू तिथेच आहे, पण त्यासाठी वेगळी सकाळ हवी.

ज्यांना इतकं फिरायचं नाही त्यांच्यासाठी दुसरा पर्याय, आणि मला तोच जास्त प्रिय आहे: आक्षी ते कोर्लई, सगळं मिळून अर्धा दिवस. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरं. मुलांना त्या दगडापुढे उभं करून सांगा की हजार वर्षांपूर्वी या वाडीत आपलीच भाषा होती. पुढे चौलचं रामेश्वर मंदिर, समोर मोठी पुष्करिणी. सासूबाई तिथल्या पायरीवर सावलीत बसून राहतात, आणि त्यांना उठवायची घाई मी करत नाही. मंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहे. मग रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, ज्याच्या तटातूनच रस्ता जातो. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला चढायचा नसेल तर पायथ्याच्या दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून समुद्र दोन्ही बाजूंना दिसतो. कोर्लई गावातली ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली बोलते. गावातून जाताना हळू चाला, लोकांच्या अंगणात कॅमेरे रोखू नका.

खांदेरीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात, कारण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. थळच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या होडीने जावं लागतं. दर्या शांत असेल तरच, आणि फक्त धडधाकट मोठ्यांनी.

खरेदी शेवटच्या सकाळी करा. जानेवारीनंतर गेलात तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर असतो आणि कच्चाच खावा. तो नक्की इथलाच आहे ना हे बघायला दुकानापेक्षा शेतकऱ्याच्या दारात घ्या. घरी नेऊन वेणी खिडकीत वाऱ्याला टांगली की पावसापर्यंत टिकते. पिशवीत ठेवली तर कुजते. आमसुलं, पोह्याचे पापड, कडवे वाल आणि सुकट-बोंबीलही घ्या, पण सुकी मासळी दोन पिशव्यांत बांधून गाडीच्या मागच्या भागात ठेवा.

परतीला रविवारी संध्याकाळ टाळता आली तर टाळा. शाळा-ऑफिसमुळे जमत नसेल तर रविवारी सकाळी नाश्ता करून दहा-साडेदहाला वाडी सोडा, दुपारची बोट गाठा. निघण्यापूर्वी घर सांभाळणाऱ्या वहिनींच्या हातात वेगळे पैसे द्या, मालकाच्या हिशोबात ते येत नाहीत. त्यांचा नंबर लिहून घ्या आणि पुढच्या द्वितीया-तृतीयेचा शनिवार मोकळा आहे का, ते तिथेच विचारून ठेवा.